टेक्सासच्या ग्रामीण काउंटीतली करनोंद: संकेतस्थळ, नकाशा आणि खिडकी

कराडजवळच्या आमच्या गावी शेतसाऱ्याच्या पावत्या तारेच्या आकड्यात ओवून ठेवायची पद्धत होती. अण्णा दरवर्षी तलाठ्याकडून पावती आणायचे, आकड्यात खुपसायचे आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवायचे. त्यामुळे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही टेक्सासातल्या एका ग्रामीण काउंटीत १२.४ एकर जमीन घेतली, तेव्हा मी सर्वांत आधी चौकशी केली ती इथल्या सातबाऱ्याची.

तसा एक कागद इथे नाही, हे कळायला मला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत आमच्या नावावर थकबाकी लागली आणि तीन हजार डॉलरचं नुकसान थोडक्यात टळलं. इथल्या गावाकडे जमीन घ्यायचा विचार करणारी मराठी कुटुंबं आता बरीच दिसतात, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आधी मला उशिरा समजलेली गोष्ट. टेक्सासात राज्य सरकारचा मालमत्ता कर नाही, वैयक्तिक आयकरही नाही. शाळा, रस्ते, अग्निशमन, तुरुंग यांचा मोठा भार स्थानिक मालमत्ता करावर आहे. म्हणून हा कर जड असतो आणि त्याची नोंद फार बारकाईने ठेवली जाते. पण ती वेगवेगळ्या दारांमागे. जमिनीची किंमत ठरवतं ते अप्रेझल डिस्ट्रिक्ट. कराचा दर ठरवतात काउंटी, शाळा जिल्हा (म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आणि बाकीच्या संस्था, आपापला वेगळा. पैसे गोळा करतं ते टॅक्स असेसर-कलेक्टरचं कार्यालय. आणि मालकीचा खरा पुरावा, म्हणजे खरेदीखत, असतं काउंटी क्लार्ककडे. आपल्याकडेही सातबारा तलाठ्याकडे, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आणि घरपट्टीचा नमुना आठ ग्रामपंचायतीत असतो, म्हणजे मला हे नवीन वाटायला नको होतं. पण काउंटीच्या करनोंदीच्या संकेतस्थळावर किंमत, कर आणि मालकाचं नाव एकाच पानावर दिसतं, आणि ते पान पाहिलं की सगळं एकाच ठिकाणी आहे असा समज होतो.

माझ्या बाबतीत त्या पानापर्यंत पोहोचणंच पहिल्यांदा जमलं नाही. शोधाच्या चौकटीत आडनाव आधी, मग नाव, मध्ये स्वल्पविराम नाही, अशी सूचना आहे. आमचं आडनाव टाकलं, काही नाही. नवऱ्याचं नाव टाकलं, काही नाही. वाटलं अजून नोंद चढली नसेल. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. शेवटी नकाशावर रस्ता शोधून, आमचा तुकडा ओळखून त्यावर टिचकी मारली तेव्हा नोंद उघडली, आणि मालकाच्या जागी सासऱ्यांचं नाव आडनाव म्हणून लागलेलं दिसलं. खरेदीखतात नवऱ्याचं पूर्ण नाव तीन शब्दांत आहे, आपल्या रिवाजाप्रमाणे. नोंद चढवणाऱ्याने मधलं नाव आडनाव धरलं आणि आडनाव पुढे नेलं. मराठी माणसाने इथे नोंद शोधताना नुसत्या आडनावावर विसंबू नये. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावानेही शोधावं आणि शक्यतो दोन-तीनच अक्षरं टाकावीत. एकदा नोंद सापडली की तिचा प्रॉपर्टी आयडी लिहून ठेवावा. नाव चुकतं, रस्त्याचा पत्ता बदलतो, तो आकडा मात्र त्या जमिनीचा.

वर्षाचा रकाना हीसुद्धा फसवी जागा आहे. जानेवारीत पान उघडलं की ते आपोआप नव्या वर्षावर जातं आणि किमतीच्या जागी काहीच दिसत नाही. मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होतं, पण आकडा एप्रिल-मेमध्ये कळवतात, २५ जुलैच्या सुमारास यादी प्रमाणित होते, संस्था ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दर ठरवतात आणि बिलं ऑक्टोबरात निघतात. म्हणून वर्षाच्या पूर्वार्धात खरा आकडा पाहायचा तर मागचं वर्ष निवडावं लागतं. हे त्या पानावर एका ओळीत लिहिता आलं असतं. लिहिलेलं नाही.

नोंद उघडल्यावर मात्र मला मनापासून आनंद झाला. कारण त्या पानावर इतिहास आहे. जमिनीच्या वर्णनात गावाचं नाव किंवा गट नंबर नाही, आहे तो अॅबस्ट्रॅक्ट नंबर आणि एका माणसाच्या नावाने ओळखला जाणारा सर्व्हे. टेक्सास १८३६ ते १८४५ स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. त्या काळात, त्याआधी स्पेन आणि मेक्सिकोच्या अमलात आणि नंतर राज्य झाल्यावरही, वसाहत करणाऱ्यांना जमिनी दिल्या गेल्या. ज्याला मूळ जमीन मिळाली त्याच्या नावाने तो सर्व्हे आजही ओळखला जातो आणि त्याला ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसने क्रमांक दिलेला आहे. म्हणजे आमच्या १२.४ एकरांवर आज आमचं नाव असलं तरी वर्णनात पहिल्या माणसाचं नाव राहणारच. आपल्याकडे वहिवाटीने एखाद्या शिवाराला जुन्या कुळाचं नाव चिकटतं, तसं.

पुढे क्लार्कच्या कार्यालयात मी जुनी खतं पाहिली. त्यातलं १९११ सालचं एक मी वहीत उतरवून आणलं आहे. एका कोपऱ्यापासून सुरुवात, मग उत्तरेकडून ६० अंश पूर्वेला २१२ व्हारा, तिथे ओकचं झाड, मग ओढा, मग दगड. चतुःसीमा सांगायची आपलीच रीत, फक्त दिशा अंशांत. हा व्हारा स्पॅनिश काळातलं माप, टेक्सासात ३३⅓ इंचांचा धरतात. नऊवारीतला आपला वार ३६ इंचांचा. २१२ व्हारा म्हणजे सुमारे ५८९ फूट. ते झाड आता नाही, पण टेप लावून मी आणि नवऱ्याने ते अंतर मोजलं तर लोखंडी खुंट बरोबर सापडला.

याच संकेतस्थळावर नकाशा आहे आणि त्याच्यावर मात्र मी विश्वास ठेवणार नाही. उपग्रहाच्या चित्रावर पिवळ्या रेषा ओढलेल्या दिसतात. आमची एक रेषा शेजाऱ्याच्या गोठ्यातून जाते. नकाशा फक्त करासाठी आहे, मोजणी म्हणून धरू नये, असं तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, आणि ते शब्दशः खरं मानावं. कुंपण घालायचं असेल तर परवानाधारक मोजणीदार आणावा. शिवाय मोबाइलवर हा नकाशा इतका सावकाश उघडतो की शेतात उभं राहून पाहायचा विचार सोडून द्यावा. नकाशाला मी पाचपैकी दोन गुण देईन, आणि तेही नाव चुकलं असताना त्यानेच नोंद सापडवून दिली म्हणून.

आता मुख्य गोष्ट. नोंदीत किमतीचे दोन आकडे असतात. एक बाजारमूल्य. आमचं होतं १,८६,००० डॉलर, एकरी १५,०००. दुसरा शेतीवापराचा, त्या जमिनीतून शेतीचं निव्वळ उत्पन्न किती येईल यावर काढलेला. आमच्या गवताच्या जमिनीला तो एकरी ११० डॉलर, म्हणजे सगळे मिळून १,३६४. कर लागतो या दुसऱ्या आकड्यावर, पण जमिनीला शेतीमूल्यांकन मंजूर असेल तरच. सगळ्या संस्थांचे दर मिळून आमच्याकडे शंभर डॉलरला १.७२ होते: शाळेचा १.०५, काउंटीचा ०.५२, अग्निशमनाचा ०.०८, रस्त्यांचा ०.०७. शेतीमूल्यावर कर झाला २३ डॉलर ४६ सेंट. बाजारमूल्यावर तो ३,१९९ झाला असता. सगळे याला बोलताना 'अॅग एक्झेम्प्शन' म्हणतात आणि मीही तसंच समजत होते, की जमिनीला सूट आहे आणि ती जमिनीबरोबर आपल्याकडे आली. ही सूट नाही. मूल्यांकनाची वेगळी पद्धत आहे आणि मालक बदलला की नव्या मालकाने नव्याने अर्ज करावा लागतो. हे नोंदीच्या पानावर कुठेही नाही. मागच्या सगळ्या वर्षांत शेतीमूल्याचा रकाना भरलेला दिसतो, म्हणून पुढेही तो भरलेला राहील असं वाटतं.

मला हे कळलं ते थकबाकीमुळे. २०२२ चं बिल ऑक्टोबरात निघालं ते जुन्या मालकाच्या पत्त्यावर. आम्हाला आलंच नाही. बिल आलं नाही म्हणून भरलं नाही, ही सबब इथला कायदा मानत नाही. ३१ जानेवारीपर्यंत भरायचं, १ फेब्रुवारीपासून ते थकीत. पहिल्या महिन्यात दंड आणि व्याज मिळून सात टक्के, मार्चमध्ये नऊ, आणि असं चढत जुलैपर्यंत अठरा, त्यावर वसुलीचा खर्च वेगळा. मार्चमध्ये मी सहज पान उघडलं तर तांबड्या अक्षरात थकबाकी. रक्कम दंडासह २५ डॉलर ५७ सेंट. मला रात्री झोप आली नाही. आमच्या घरात शेतसारा कधी थकला नव्हता. रक्कम किती हा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी काउंटीच्या गावी गेले. दीड तासाचा रस्ता, शेवटचे वीस मैल दोन पदरी एफएम रोड, म्हणजे शेतातून बाजारापर्यंत माल नेण्यासाठी बांधलेले राज्याचे रस्ते. चौकात मधोमध जुनं दगडी कोर्टहाऊस, भोवती दुकानं. कर भरायची खिडकी तळमजल्यावर. दुपारी बारा ते एक बंद, हे दारावर लिहिलेलं आहे, संकेतस्थळावर नाही. मी बारा वाजून पाच मिनिटांनी पोचले होते. पायरीवर बसून डबा खाल्ला.

एक वाजता खिडकी उघडली. साठीच्या बाई होत्या. मी आयडी सांगितला, चेक लिहिला, पावती घेतली. मग त्यांनी पडद्याकडे पाहत विचारलं, "मॅम, जागा तुम्ही सप्टेंबरमध्ये घेतली ना? मग अॅगचा अर्ज केलात का?" मी म्हटलं, ते तर आधीपासून आहे. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. २०२३ च्या ओळीत शेतीमूल्याच्या जागी रिकामं होतं. "हे माझ्या कार्यालयाचं काम नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही इथून सरळ अप्रेझलच्या ऑफिसात जा. तीस एप्रिल शेवटची तारीख. आजच जा." आणि एका कागदाच्या पाठीवर त्यांनी मला रस्ता काढून दिला: चौकातून उत्तरेला, पशुखाद्याच्या दुकानाच्या पुढची विटांची इमारत.

दुसऱ्या कार्यालयाचं काम सांगणं हे त्या बाईंच्या नोकरीत बसत नव्हतं. त्यांनी सांगितलं नसतं तर मे महिन्यात बाजारमूल्यावरची नोटीस आली असती. उशिरा अर्जाची सोय काही काळ असते, पण त्याला वाचलेल्या कराच्या दहा टक्के दंड. आणि ती वेळही निघून गेली की त्या वर्षाचे पूर्ण पैसे भरायचे. माझे तीन हजार डॉलर त्या एका प्रश्नाने वाचले.

विटांच्या इमारतीत तरुण मुलगा होता. त्याने ५०-१२९ क्रमांकाचा अर्ज दिला आणि टेबलावर बसवून एकेक रकाना समजावला. शेतीमूल्यांकनासाठी मागच्या सातपैकी पाच वर्षं जमीन शेतीसाठी वापरलेली असावी लागते. तो पुरावा कुठून आणू, मी विचारलं. त्याने संकेतस्थळावरचं आमचंच पान उघडून किमतींचा जुना तक्ता दाखवला: ओळीने सगळी वर्षं शेतीमूल्य भरलेलं. इतिहास जमिनीबरोबर चालतो, मालकाबरोबर नाही. चालू वापरासाठी गवत कापून नेणाऱ्या शेजाऱ्याकडून दोन ओळींचं पत्र लागलं. ते मी आठवड्यात आणून दिलं आणि जूनमध्ये मंजुरीचं पत्र आलं, आमच्या बरोबर पत्त्यावर.

जमीन घ्यायच्या आधी हा तक्ता पाहावा, असं मी प्रत्येकाला सांगते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, कोणत्याही तुकड्याचा दिसतो. मध्ये एक-दोन वर्षं रिकामी असतील तर विकणाऱ्याला कारण विचारावं. आणि जमिनीचा काही भाग प्लॉट पाडायला काढणार असाल तर त्या भागावर मागच्या तीन वर्षांचा फरक वसूल होतो, हेही लक्षात ठेवावं.

२०२४ पासून आम्ही मधमाश्या पाळतो. टेक्सासचा कायदा ५ ते २० एकरांच्या तुकड्यावर मधमाशीपालन शेती मानतो. किती पेट्या हव्यात ते त्या काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट ठरवतं. आमच्याकडे पहिल्या पाच एकरांना सहा आणि पुढे दर अडीच एकरांना एक. आमच्या नऊ आहेत. हा नियमांचा कागद संकेतस्थळावर आहे आणि तो सुरेख लिहिलेला आहे, साध्या भाषेत, उदाहरणासह. असं त्यांना लिहिता येतं, म्हणूनच बाकीच्या पानांबद्दल जास्त वाईट वाटतं.

एक गोष्ट इथल्या नोंदीत कधीच सापडणार नाही, ती म्हणजे विक्रीची किंमत. भावाने फोनवर विचारलं, "ताई, शेजारची जमीन कितीला गेली ते इंडेक्स टूवर बघ की." आपल्याकडे इंडेक्स टूवर मोबदलाही असतो आणि बाजारमूल्यही. टेक्सासात किंमत जाहीर करायची सक्ती नाही. क्लार्ककडची खतं उघडली तर त्यात 'दहा डॉलर आणि इतर योग्य मोबदला' एवढंच. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच दहा डॉलरला जमीन गेली की काय, असं वाटलं होतं. तो फक्त ठराविक मजकूर. त्यामुळे अप्रेझलवाल्यांचं बाजारमूल्य हा त्यांचा अंदाज असतो आणि तो पटला नाही तर १५ मेपर्यंत, किंवा नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांत, यांतल्या जी तारीख नंतरची तोवर, हरकत घेता येते. आम्हाला गरज पडली नाही.

खनिजांचीही नोंद वेगळी. जमिनीखालचं तेल-वायू आधीच्या कुणीतरी राखून ठेवलेलं असू शकतं आणि त्यातून उत्पादन होत असेल तर त्याचं करखातं स्वतंत्र असतं. आमच्या पानावर त्याचा उल्लेख नाही याचा अर्थ खनिजं आमची, असा होत नाही. ते क्लार्ककडच्या जुन्या खतांतूनच काढावं लागलं, आणि ती आमची नाहीत. याला एक पूर्ण दिवस गेला. क्लार्ककडच्या १९७० च्या आधीच्या वह्या तिथे जाऊनच पाहाव्या लागतात, भल्याथोरल्या, कापडी बांधणीच्या, सरकत्या लोखंडी फळ्यांवर. हात स्वच्छ धुऊन जावं आणि वेळ घेऊन जावं.

घेताना आणखी एक काम करावं: करकार्यालयातून टॅक्स सर्टिफिकेट घ्यावं. त्या तारखेला कोणती थकबाकी आहे ते लेखी मिळतं आणि शुल्क कायद्याने दहा डॉलरच्या वर नेता येत नाही.

संकेतस्थळाला पाचपैकी साडेतीन गुण. माहिती भरपूर, फुकट आणि जुन्या वर्षांची, पण वाचायची कशी ते सांगणारं कुणी नाही. आपल्या महाभूमीवर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो आणि तो कागद कार्यालयात चालतो. इथल्या पानाची छापील प्रत कुणी पुरावा म्हणून घेत नाही. उलट सातबाऱ्यावरून मला कधी हे कळलं नाही, की माझा पैसा शाळेला किती गेला आणि रस्त्याला किती. इथे ते सेंटपर्यंत दिसतं.

दोन्ही खिडक्यांना पाचपैकी पाच. वेळ सोमवार ते शुक्रवार आठ ते पाच, मधला तास सोडून. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रांग दारापर्यंत येते, तेव्हा प्रश्न विचारायला जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर बसवून सांगतात.

मागच्या वर्षी मी करकार्यालयाला पत्र लिहिलं. खरेदीखत नोंदवताना क्लार्कच्या खिडकीवरच नव्या मालकाला दोन कागद द्यावेत: एक टपालाचा पत्ता बदलण्याचा, दुसरा शेतीमूल्यांकनाच्या अर्जाचा, वर ठळक अक्षरात ३० एप्रिल. पत्र मिळाल्याचं उत्तर त्याच बाईंनी हाताने लिहून पाठवलं. क्लार्कशी बोलते, असं त्यात आहे. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा क्लार्कच्या खिडकीवर पत्ताबदलाच्या अर्जांचा गठ्ठा ठेवलेला होता. दुसरा कागद अजून आलेला नाही.